आधी कान, मग यंत्र

गेल्या महिन्यात माझा पुतण्या घरी आला. त्याच्याकडे पाच हजार रुपये साठले होते. म्हणाला, "काका, गाणं नीट ऐकायचंय. इयरफोन घेऊ, वेगळा प्लेअर घेऊ, की तो खिशातला ॲम्प्लिफायर? सांगा की." मी विचारलं, "ऐकणार काय?" तो म्हणाला, "केसरबाई." मग मला त्याला जी जुनी गोष्ट सांगावी लागली, तीच आज तुम्हाला सांगतो.

आपल्या कोल्हापुरात गाणं ऐकायचं ते चार माणसांत बसून. १८८३ साली इथे देवल क्लब सुरू झाला. पुढे शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून आणलं आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या गावात नांदली. महाराज १९२२ साली गेले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले आणि १९४६ साली तिथेच वारले. भारतात गाण्याच्या तबकड्या १९०२ पासून निघत होत्या. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं ती सोय हाताशी होती. पण खाँसाहेबांच्या आवाजाची एकही तबकडी बाजारात आली नाही. आज लाख रुपयांचा इयरफोन कानात घातला तरी तो आवाज ऐकू येणार नाही. मुद्रणच नसेल तर यंत्र काय करणार?

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर मूळच्या गोव्यातल्या केरीच्या. १९२१ पासून त्या खाँसाहेबांकडे शिकल्या. त्यांच्या तबकड्या निघाल्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्यांतलीच एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतल्या सोनेरी तबकडीवर चढली. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. गुरूचा आवाज घरातही उरला नाही. शिष्येचा ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला.

म्हणून मी पुतण्याला पहिली गोष्ट सांगितली, ती मुद्रणाची. एकाच तबकडीच्या चांगल्या आणि वाईट प्रती फिरत असतात. कुणी खरखर घालवण्याच्या नादात आवाजाची धारच घालवलेली असते, कुणी फाईल इतकी दाबलेली असते की तान पाण्याखालून आल्यासारखी वाटते. चांगली प्रत शोधायला पैसे कमी आणि चिकाटी जास्त लागते.

दुसरी गोष्ट इयरफोनची. १९७९ च्या जुलैत जपानमध्ये सोनीचा वॉकमन आला. त्याआधीचे हेडफोन डोक्यावर वीट ठेवल्यासारखे जड असायचे. याच्याबरोबरचे अगदी हलके होते. गंमत म्हणजे त्या पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावायची सोय होती, आणि एक बटण दाबलं की गाणं हळू होऊन दोघांना बोलता यायचं. एकट्यानं ऐकणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल, अशी त्या कंपनीला धास्ती होती. ती लवकरच गेली.

माझा वॉकमन मी रोजच्या बसप्रवासात वापरायचो. त्याचे इयरफोन कानाच्या तोंडाशी नुसते टेकायचे. इंजिनाचा आवाज आत यायचा, मग मी गाणं मोठं करायचो. वर्षानुवर्षं केलं. आज माझ्या डाव्या कानात सतत बारीक शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणाले, ती आता जायची नाही.

याच दुखण्यावरचा उपाय श्रवणयंत्रांच्या जगातून आला. अमेरिकेतले मीड किलियन हे श्रवणशास्त्राचे अभ्यासक. त्यांच्या एटिमोटिक कंपनीनं १९९१ साली कानाच्या नळीत बुचासारखा बसणारा इयरफोन काढला. बाहेरचा गोंगाट अडला की गाणं हळू ठेवूनही स्पष्ट ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबलचा मात्र फक्त ४ तास. म्हणजे दहाच डेसिबल चढवले तर दहापट वेळ कमी होतो.

म्हणून इयरफोन घेताना किमतीआधी रबर बघा. सोबत लहान, मध्यम, मोठी अशी रबरं मिळतात. प्रत्येक कानाला वेगळं लागू शकतं. रबर सैल बसलं की खालचे स्वर निसटतात, डग्ग्याचा घुमारा जातो, आणि आपण इयरफोनला नावं ठेवतो. मात्र रस्त्यावर चालताना असे इयरफोन काढून ठेवावेत. मागून आलेली रिक्षा ऐकू येत नाही.

प्लेअर तिसरा. मोबाईल असताना त्याची घाई नाही. २०१६ नंतर बऱ्याच फोनांतलं हेडफोनचं भोक गेलं, तिथे टाइप-सीचा छोटा जोड चालतो. ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. सोळा ते बत्तीस ओहमचे साधे इयरफोन फोनवर आरामात वाजतात. जुन्या तबकडीत अगदी वरचे सूर उतरलेलेच नसतात. तिथे महागडं यंत्र फक्त खरखर जास्त ठळक करतं.

पुतण्यानं दोन हजारांचे इयरफोन आणि तो जोड घेतला. रबरं तीनदा बदलली, मग केसरबाई लावल्या. फोनवरचा आवाजाचा काटा निम्म्याच्याही खाली होता. थोड्या वेळानं त्यानं एक इयरफोन काढून माझ्यापुढे धरला. जुनी तबकडी एकाच वाहिनीची असते, एका कानानं ऐकलं तरी त्यातलं काही हुकत नाही. मी तो पुसून उजव्या कानात घातला आणि तीन मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही.