वस्तऱ्याच्या डबीतली राख

क्रिकेटच्या ॲशेसची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात फुटबॉलचीही एक 'ॲशेस' होती आणि ती १९५४ नंतर चक्क बेपत्ता झाली, हे खुद्द ऑस्ट्रेलियातही फार थोड्यांना ठाऊक होतं.

१९२२ साली ऑस्ट्रेलियाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना न्यूझीलंडमध्ये, डनेडिनला खेळला आणि ३-१ असा गमावला. पुढच्या वर्षी न्यूझीलंडचा संघ परतभेटीला आला. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ॲलेक गिब आणि न्यूझीलंडचा जॉर्ज कॅम्पबेल या दोघांनी सिगार ओढले. त्यांची राख झटकून टाकण्याऐवजी कुणीतरी जपून ठेवली. ती ठेवायला मिळाली चांदीचा मुलामा दिलेली, दाढीच्या वस्तऱ्याची एक डबी. न्यूझीलंड संघाचे व्यवस्थापक हॅरी मेयर यांनी तिच्यासाठी लाकडी पेटी घडवली: काही लाकूड न्यूझीलंडचं, काही ऑस्ट्रेलियाचं. वर कांगारू आणि नेच्याचं पान. क्रिकेटवाल्यांची उघड नक्कल होती ही, आणि करणाऱ्यांनाही ती तशीच हवी होती.

डबी मात्र साधीसुधी नव्हती. ती क्वीन्सलंडच्या फुटबॉल संघटनेचे सचिव विल्यम फिशर यांची होती. पहिल्या महायुद्धात शिपाई म्हणून गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरताना ती त्यांच्याजवळ होती. एप्रिल १९१५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची पोरं तिथे खांद्याला खांदा लावून लढली. आजही २५ एप्रिलला हे दोन्ही देश पहाटे उठून त्यांना मानवंदना देतात. ऑस्ट्रेलियात यापेक्षा पवित्र स्मृती नाही. आणि 'परक्यांचा' म्हणून हिणवला गेलेला खेळ आपली राख त्याच रणांगणावरून आलेल्या डबीत ठेवून बसला होता.

परक्यांचा म्हणजे कुणाचा? दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन, ग्रीक, क्रोएशियन, हंगेरियन लोक जहाजं भरभरून आले. त्यांनी आपापल्या नावाचे क्लब काढले. मैदानावर त्यांच्या भाषा, कठड्याबाहेर त्यांचं खाणं. मेलबर्नला स्वतःचा 'ऑस्ट्रेलियन रूल्स' होता, सिडनीला रग्बी लीग. साहजिकच सॉकर हा स्थलांतरितांचा खेळ ठरला. ज्यांना तो आवडत नव्हता त्यांनी हे नाक मुरडत सांगितलं, ज्यांना आवडत होता त्यांनी कौतुकाने. इतिहास दोघांनीही १९५० पासूनच सुरू केला. मला यातली दुसरी मंडळी जास्त जबाबदार वाटतात. विरोधकाने विसरावं यात नवल नाही, भक्ताने का विसरावं?

कारण त्याआधीचं पुष्कळ काही नोंदलेलं आहे. १८७५ मध्ये ब्रिस्बेनजवळ वूगारू इथल्या मनोरुग्णालयाच्या आवारात सामना झाला होता आणि त्यात चेंडू हाताळायला बंदी होती. १८८० मध्ये पॅरामाटाला जॉन वॉल्टर फ्लेचर या शाळामास्तरांनी 'वाँडरर्स' संघ उतरवला. १८८३ मध्ये कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात बालगाउनी रेंजर्स क्लब उभा राहिला. तो अजून आहे. खाणकामगार ब्रिटनमधून खेळ घेऊनच आले होते. १९२१ मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर बायकांचा सामना पाहायला सुमारे १० हजार लोक जमले. हो, तेच गॅबा, जे आपण कसोटी सामन्यांमुळे ओळखतो. १९२३ मध्ये चीनचा संघ येऊन गेला आणि १९३८ मध्ये करुणा भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखाली भारताचा. (मूळचा गोव्यातल्या आसगावचा नेव्हिल डिसूझा १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये यजमानांवर तीन गोल करून गेला, ती गोष्ट त्यानंतरची. ती तरी आपण कुठे नीट सांगतो?)

पेटी हरवल्याचं कुणाला फारसं दुःखही झालं नाही. इयन सायसन आणि ट्रेव्हर थॉम्पसन या इतिहासकारांनी मात्र तिचा पिच्छा सोडला नाही. सायसन यांच्या पुस्तकाचं नावच 'द गेम दॅट नेव्हर हॅपन्ड' आहे. २०२३ मध्ये सिडनी स्टोरी या दिवंगत फुटबॉल पदाधिकाऱ्याच्या सामानात ती त्यांच्या कुटुंबीयांना सापडली. चोरीमारी नाही, कटकारस्थान नाही. पदाधिकाऱ्याने जपून ठेवली आणि बाकीच्यांना तिची आठवण राहिली नाही. संघटनेने ठेवली असती तर टिकली असती का, याची मला शंकाच आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोन्ही देश पुन्हा त्या मानासाठी भिडले. सामना ना सिडनीत झाला, ना ऑकलंडमध्ये. दोन्ही संघांचे बरेचसे खेळाडू युरोपातल्या क्लबांकडे नोकरीला, म्हणून तो लंडनच्या ब्रेंटफर्डमध्ये ठेवावा लागला. ऑस्ट्रेलिया २-० ने जिंकली.