चंद्र, मोसम आणि दोन क्रमांकाची तार

पेशवाई अमदानीतील मोडी पत्रे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांस तारखेपूर्वीचे 'छ' हे अक्षर परिचित असेल. त्यापुढे आकडा आणि मग मोहरम, सफर, रमजान असे महिन्याचे नाव येते. हा हिजरी महिन्याचा चंद्र होय. वर्ष मात्र सुहूर सनाचे. मृग नक्षत्रापासून सुरू होणारे आणि अरबी अंकशब्दांत लिहिलेले. पानिपतचे वर्ष 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१. आपल्या घराण्यांतील कारकून कितीही सोवळ्याचा असो, आज रमजानचा कितवा चंद्र हे त्यास ठाऊक असावेच लागे. दिवस चंद्राने मोजावा आणि वर्ष पावसाने, अशी ती सोयीची तोड होती.

सुरतेच्या बंदरात मात्र चंद्र आणि पाऊस यांचा मेळ इतका सहज बसत नसे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, त्यास अधिक मास नाही. म्हणून रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस मागे सरतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. शिडाची जहाजे मात्र मोसमी वाऱ्यांची बांधील. यात्रेकरूंमुळे सुरतेस 'मक्केचे द्वार' म्हणत. शहाजहानच्या काळात, १६४४ साली, येथे बांधलेली सराई पुढे नगरपालिकेची कचेरी झाली. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ साली याच बंदरातून हजला निघाली, ती १५८२ साली परतली. मधल्या साऱ्या ईदा समुद्रापलीकडे. खुशालीचे पत्र आले तर पुढच्या मोसमातील जहाजाबरोबर. तोवर सण केव्हाच उलटलेला असे.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि वाऱ्याची सक्ती संपली. सुरतेच्या आसपासच्या गावांतील सुन्नी व्होरा कुटुंबे रंगून, नाताळ, ट्रान्सवाल येथे व्यापारास गेली. रंगूनच्या 'सुरती बडा बाजारा'चे नावच त्याची साक्ष देते. पलसाणा तेव्हा गायकवाडांच्या नवसारी प्रांतात होते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परदेशचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घेण्याऐवजी स्वतः वाचता येणे ही केवढी गोष्ट होती, हे ज्यांचे माणूस दूर आहे त्यांनाच कळेल.

दूरत्व नेहमी समुद्राचेच असते असेही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातील अहमद काथराडा यांचे आईवडील मूळचे सुरतेजवळच्या लाजपोरचे. १९६४ साली त्यांस जन्मठेप झाली आणि ते १९८९ साली सुटले. रॉबेन बेटावर आरंभीच्या काळात अशा कैद्यांस सहा महिन्यांतून एकच पत्र लिहिता येई, तेही ५०० शब्दांचे. घरच्या साऱ्या सणांच्या शुभेच्छा त्याच मापात बसवायच्या.

त्याहून आखूड माप आपल्या तारखात्याचे. शुभेच्छांची ठराविक वाक्ये छापलेली असत. प्रेषकाने नुसता क्रमांक सांगायचा. दिवाळीचा क्रमांक एक, 'ईद मुबारक'चा दोन. गुजरातेत 'दोन नंबर' या शब्दास निराळाच वास असला, तरी ही तार चोख होती. एका यादीत दोन सण शेजारी बसले होते आणि त्याचे कोणास नवल वाटत नव्हते. १४ जुलै २०१३ रोजी रात्री भारतातील तारसेवा बंद झाली, तेव्हा रमजान लागून जेमतेम चार दिवस झाले होते. त्या वर्षीची ९ ऑगस्टची ईद ही तारेवाचून आलेली पहिली ईद.

आता शुभेच्छा पोहोचण्यास क्षणही लागत नाही. चंद्र मात्र जुन्याच चालीने उगवतो. अरबस्तानात ईद झाली तरी आपल्याकडे बहुधा आणखी एक रोजा उरलेला असतो. तिकडचा संदेश येथल्या चंद्राआधी येऊन थडकतो. जोहान्सबर्गचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. येथे इफ्तार आटोपते तेव्हा तिकडे दुपार असते. जूनमध्ये रमजान आला की इंग्लंडातील रोजा सुमारे अठरा-एकोणीस तासांचा होतो, तर दक्षिण आफ्रिकेत हिवाळा असल्याने अकरा-बारा तासांचा. म्हणून विचारपूस करायची ती याची: तुमच्याकडे रोजा किती वाजता सुटतो, चंद्र दिसला का?

तयार वाक्य धाडण्यास आपण आज नावे ठेवतो; पण दोन क्रमांकाची तारही तयार वाक्याचीच होती. फरक इतकाच की तिच्यापायी कोणीतरी तारऑफिसपर्यंत चालत जाई आणि पदरचे पैसे मोजी. ते कष्ट सरले, तेव्हा निदान शब्द तरी स्वतःचे असावेत. आपलीही मुले सातासमुद्रापार आहेत आणि त्यांची दिवाळी आपण पडद्यावरच पाहतो. शेजाऱ्याची ईद आपल्यास परकी वाटण्याचे कारण नाही. घरच्या जुन्या रुमालांत मोडी कागद असतील, तर जाणकाराकडून ते एकदा वाचून घ्यावेत. 'छ' पुढे रमजान लिहिणारा तो हात आपल्याच पूर्वजाचा आहे.