जेरोमचे अडवलेले पत्र

30 सप्टेंबर हा आम्हा भाषांतरकारांचा दिवस, कारण त्या तारखेला संत जेरोमचा सण असतो. बायबल लॅटिनमध्ये आणणारा हा माणूस मला गुरुस्थानी आहे. तरी त्या दिवशी मन जाते ते त्याच्या मित्राकडे, रुफिनसकडे.

दोघे रोममध्ये एकत्र शिकले. पुढे सिरियात आजारी पडलेल्या जेरोमला रुफिनस इजिप्तमध्ये आल्याचे कळले, तेव्हा त्याने धाडलेल्या पत्रात भेटीची नुसती तळमळ आहे. कालांतराने दोघे शेजारी झाले. रुफिनसचा मठ जेरुसलेमजवळ जैतुनांच्या डोंगरावर, तर 386पासून जेरोम बेथलेहेमात. मध्ये दोन-अडीच तासांची पायवाट. डोंगरावरचे मठवासी जेरोमसाठी ख्रिस्तपूर्व रोमन लेखक सिसेरोचे संवाद उतरवून देत आणि तो त्यांना नेहमीपेक्षा जास्त मजुरी देई.

वाद पेटला तो ओरिजेनवरून. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी वारलेला हा पंडित म्हणे, आत्मे देहाआधीपासून आहेत आणि शेवटी सगळेच देवाकडे परततील. दोघांनीही त्याला डोक्यावर घेतले होते. 393मध्ये अटार्बियस नावाचा माणूस ओरिजेनचा निषेध वदवून घ्यायला मठामठांतून फिरला. जेरोमने मान्य केले, रुफिनसने त्याला दारात उभे केले नाही. पुढच्या वर्षी ओरिजेनचे कडवे विरोधक, सायप्रसचे बिशप एपिफानियस यांनी जेरोमच्या धाकट्या भावाला, पौलिनियनला, धर्मगुरूपदाची दीक्षा दिली. तो नको म्हणत होता. लोकांनी त्याला धरून ठेवले, ख्रिस्ताची आण घालू नये म्हणून तोंड दाबले. जेरुसलेमचे बिशप योहान यांना हा आपल्या अधिकारावर घाला वाटला. रुफिनस योहानच्या बाजूचा, जेरोम एपिफानियसच्या.

397मध्ये जेरुसलेमच्या पुनरुत्थान मंदिरात दोघा मित्रांनी हात मिळवले. माझ्या मते तो समेट खरा होता.

रुफिनस इटलीला परतला आणि 398मध्ये त्याने ओरिजेनचा ‘पेरी आर्खोन’ (‘मूलतत्त्वांविषयी’) हा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला. प्रस्तावनेत लिहिले की आपल्याआधी एका थोर बंधूने ओरिजेनची सत्तरहून अधिक प्रवचने भाषांतरित केली, खटकणाऱ्या जागा गुळगुळीत केल्या. आपणही तसेच केले. नाव घेतले नव्हते, पण रोममध्ये ते कोणाला कळले नाही? रुफिनसने हे डाव म्हणून लिहिले असे मला वाटत नाही. अवघड ग्रंथ हाती घेताना आधीच्या भाषांतरकाराचा आधार मीही शोधते. पण रोममधले जेरोमचे मित्र बिथरले. त्यांनी त्याच्याकडून खुलासा मागवला.

जेरोमने दोन पत्रे लिहिली. मित्रांना कडक, रुफिनसला मायेचे. त्यात तक्रार होती, पण समेट जपायची इच्छाही होती. मित्रांनी कडक पत्र सगळीकडे फिरवले आणि मायेचे अडवून ठेवले. मतभेदाला वैराचे रूप दिले ते याच हितचिंतकांनी, असे मी ठामपणे म्हणते.

मग दोघांनी एकमेकांवर ग्रंथच लिहिले. सिसेरो पुन्हा वाचणार नाही अशी स्वप्नात शपथ घेतलीस ना, मग ती नक्कल कशाला करवून घेतलीस, असे रुफिनसने विचारले. अक्विलेयाचे बिशप क्रोमाटियस यांनी मध्यस्थी केली, हिप्पोचे बिशप ऑगस्टिन यांनी हळहळ कळवली. उपयोग झाला नाही. 411च्या सुमारास रुफिनस सिसिलीत वारला, तेव्हा जेरोमने यहेज्केलाच्या भाष्यात विंचू पुरला गेला असे लिहिले.

जेरोमनेही ‘पेरी आर्खोन’चे शब्दशः भाषांतर केले होते. त्याचे तुकडेच उरले आहेत. तो ग्रंथ अख्खा वाचायचा तर आज रुफिनसचेच भाषांतर उघडावे लागते. आणि ते अडवलेले पत्र जेरोमच्या पत्रसंग्रहात आहे, क्रमांक 81.