ढील, गाठ आणि जीव: कायाकमधल्या दोरीची गोष्ट

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना बसमध्ये आवाज नीट ऐकू आला नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठीही.

सुरुवात तुमच्या खिशापासून करू. वायरवाले इअरफोन वापरलेत ना कधी? नीट गुंडाळून खिशात ठेवायचे, दहा मिनिटांनी काढायचे, की गाठ तयार. मारली कोणी? कोणीच नाही. अमेरिकेतल्या सॅन डिएगो इथल्या दोन संशोधकांना, डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांना, हाच प्रश्न पडला. त्यांनी एका डब्यात दोरी टाकली, डबा गोल फिरवला, उघडून पाहिलं. असं एकदा नाही, ३,४१५ वेळा! २००७ साली त्यांचा निबंध छापून आला. निष्कर्ष असा की लांब, सैल दोरी हलवली तर काही सेकंदांतच आपोआप गाठ पडते. ४६ सेंटीमीटरपेक्षा आखूड दोरीला मात्र गाठ पडली नाही. पुढच्याच वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळतं ते.

लांबी, ढील आणि हालचाल, या तीन गोष्टी एकत्र आल्या की गाठ ठरलेली. आता विचार करा, समुद्रावर एकट्या माणसाची चिंचोळी होडी. दोरी लांब, लाटांमुळे सतत हालचाल, आणि ढील तर क्षणोक्षणी. खिशातली गाठ वैताग देते. तिथली गाठ जीव घेते.

एकटा माणूस, दोन हात

कोकणात गळाने मासे पकडण्याला 'गरवणं' म्हणतात. होडीत दोघं असले की सोपं असतं, एक जण होडी सांभाळतो, दुसरा गरवतो. पतंगाचंही तसंच. उडवणारा एक, चक्री धरणारा दुसरा. पण होडीत जागाच एकाची असेल तर? वल्हं दोन्ही हातांनी मारायचं. मग दोरी धरायची कशाने?

हा प्रश्न फार जुन्या काळापासून आणि फार कठीण परिस्थितीत सोडवला तो ग्रीनलंड आणि आर्क्टिकमधल्या इनुइट शिकाऱ्यांनी. 'कायाक' हा शब्दच त्यांचा. त्यांच्या भाषेत 'कायाक' म्हणजे शिकाऱ्याची होडी. लाकडाचा सांगाडा, वर सीलचं कातडं, लांबी साधारण पाच मीटर, रुंदी अर्ध्या मीटरच्या आसपास. बसल्यावर माणूस कमरेपर्यंत होडीत घट्ट अडकलेला. आपण आज म्हणतो 'होडीत बसलो'. त्यांच्याबाबतीत 'होडी अंगात घातली' म्हटलं तरी चालेल.

ते सीलची शिकार करायचे. भाल्याचं टोक सुटं असायचं. ते सीलच्या अंगात रुतलं की दांडा वेगळा व्हायचा आणि टोकाला बांधलेली कातड्याची दोरी सीलबरोबर पळायची. दोरीच्या दुसऱ्या टोकाला 'अवाताक', म्हणजे सीलच्या अख्ख्या कातड्याची हवा भरून फुगवलेली पखाल. ती शिकाऱ्याच्या पाठीमागे ठेवलेली असे. भाला लागला की ती तातडीने पाण्यात फेकायची. मग सील पखाल ओढत दमतो आणि होडी मोकळी राहते.

म्हणजे दोरी होडीला बांधलेलीच नाही! हीच खरी हुशारी.

पण भाला फेकेपर्यंत ही सगळी दोरी ठेवायची कुठे? मांडीवर ठेवली तर हातात अडकणार. होडीच्या पाठीवर ठेवली तर लाट वाहून नेणार. म्हणून शिकाऱ्याच्या अगदी समोर पायांवर उभं केलेलं एक गोल तबक असे. त्यावर दोरीची वेटोळी नीट, एकावर एक रचलेली. लाट खालून जाते, दोरी वर कोरडी राहते, आणि भाला सुटला की वेटोळी ज्या क्रमाने रचली त्याच्या उलट क्रमाने सुटत जातात. रेमर आणि स्मिथची भाषा वापरायची तर लांबी तेवढीच, हालचालही तेवढीच, फक्त ढील काढून टाकली. तीनपैकी एक गोष्ट कमी झाली की गाठीला फारसा वाव उरत नाही.

चूक झाली तर

डेव्हिड क्रांझ नावाचा एक मोरेव्हियन मिशनरी १७६१-६२ मध्ये ग्रीनलंडला राहिला आणि १७६५ साली त्याने जर्मन भाषेत ग्रीनलंडचा इतिहास छापला. त्यात त्याने ही शिकार बारकाईने लिहून ठेवली आहे. दोरीला पीळ पडला, ती हाताला, वल्ह्याला किंवा जोराच्या वाऱ्यात कधीकधी मानेला अडकली, किंवा सील अचानक होडीच्या दुसऱ्या बाजूला वळला, की होडी उलटते आणि माणूस पाण्याखाली ओढला जातो, असं तो सांगतो. अशा वेळी आधी दोरीतून स्वतःला सोडवायचं आणि मग होडीसकट पुन्हा वर यायचं, तेही कधीकधी एकापेक्षा जास्त वेळा.

म्हणून ते आधीपासून सराव करायचे. क्रांझने होडी उलटल्यावर सरळ करायचे दहा प्रकार नोंदवले आहेत. वल्हं हातात असताना, वल्हं होडीवरच्या पट्ट्यांत अडकलेलं असताना, वल्हं हरवलेलं असताना भाला फेकायच्या फळीने, आणि काहीच नसेल तर नुसत्या तळहाताने.

आज आपण यूट्यूबवर 'कायाक रोल' बघतो आणि वाटतं, काय मस्त स्टंट आहे! स्टंट नव्हता तो मंडळी. त्या दहा प्रकारांमागे कोणत्या ना कोणत्या गुंत्याची भीती होती. १९८० च्या दशकात ग्रीनलंडमध्ये राष्ट्रीय कायाक संघटना उभी राहिली आणि हे कौशल्य स्पर्धांमधून पुन्हा शिकवलं जाऊ लागलं. त्या स्पर्धांत ताणलेल्या दोरांवर करायच्या कसरतीही असतात. अंग दोरीत अडकलं तरी डोकं शांत ठेवायचं, हे शरीराला आधी जमिनीवरच शिकवायचं.

पाय कामाला लागले

आता एकदम जागा बदलू. १९७१, अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा मालिबू किनारा. टिम नीमियर नावाच्या तरुणाने अशी कायाक बनवली, जिच्या आत शिरायचं नाही, वर बसायचं. उलटली तर माणूस बाजूला पडतो, अडकत नाही. गळ टाकणाऱ्यांना ही सोय फार आवडली. पण हातांचा प्रश्न तसाच राहिला. वल्हं खाली ठेवलं की वारा होडी फिरवणार, वल्हं उचललं की गळाची दोरी सैल पडणार.

१९९७ साली होबी कंपनीने ग्रेग केटरमन यांनी शोधलेली पेडलची यंत्रणा बाजारात आणली. पाय आळीपाळीने पुढे ढकलायचे, होडीच्या तळाखाली दोन पंख डावी-उजवीकडे हलतात, पेंग्विनसारखे. नंतर सायकलसारखी पेडल आणि खाली पंखा अशाही कायाक आल्या. झालं, हात मोकळे! एका हातात रॉड, दुसऱ्यात रीळ, आणि होडी चालतेच आहे.

पण इथेच गंमत आहे. ग्रीनलंडच्या शिकाऱ्याने दोरी डोळ्यांसमोर, तबकात ठेवली होती. पेडलने धोका डोळ्यांआड, तळाखाली नेला. मासा होडीखालून पलीकडे गेला की दोरी थेट पंखांवर. पहिल्या पंखांच्या यंत्रणेत उलटं जाताही येत नसे. ती सोय बऱ्याच वर्षांनी आली.

दोरीही बदलली

त्या मधल्या काळात दोरीचाही इतिहास घडत होता. पूर्वी घोड्याचे केस, रेशीम, जवसाच्या धाग्याची दोरी वापरत. जवसाची दोरी तर वापरून झाल्यावर वाळवावी लागे, नाहीतर कुजायची. १९०५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने स्थिर रिळाचं पेटंट घेतलं. रीळ फिरतच नाही, दोरी त्याच्या टोकावरून सुटत जाते, सुताच्या बॉबिनसारखी. लांब फेकणं सोपं झालं. पण गुंडाळताना दोरीला पीळ पडायला लागला, आणि पीळ म्हणजे पुढच्या गाठीची आगाऊ रक्कम.

१९३८ साली ड्यूपाँटने नायलॉन जाहीर केलं आणि त्यातूनच पुढे आपलं तंगूस आलं. १९९० च्या दशकात पॉलिथिलीनच्या तंतूंची विणलेली दोरी आली. ती बारीक, जबरदस्त मजबूत, पण हलकी. पाण्यावर तरंगते, वारा आला की ढील कमानीसारखी उडते. आणि ओढ बसली तर बोट कापते. तंगूस ताणलं जातं, ही ताणली जात नाही, त्यामुळे बसणारा झटका सरळ हातात येतो.

मग शिकायचं काय?

इतिहास ऐकून झाला, आता तो पाण्यावर कसा वापरायचा ते बघू. पेडल कायाकवर गरवायला शिकणारे बहुतेक जण मासा कसा पकडायचा ते आधी विचारतात. आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आत्ता माझी दोरी कुठे आहे?

एक. ढील राहू द्यायची नाही. दोन रॉड मागे लावून चालत्या होडीतून गरवत असाल तर एक दोरी लांब, एक आखूड ठेवा, आणि वळताना मोठं वळण घ्या. चटकन वळलात तर आतल्या बाजूची दोरी सैल पडते आणि दुसरीवर चढते. मासा लागला तरी लगेच पेडल थांबवू नका. काही क्षण चालत राहा म्हणजे दुसरी दोरी ताठ राहील, मग ती गुंडाळून घ्या.

दोन. मासा दोरी ओढून नेत असताना रिळाची मूठ फिरवू नका. दोरी आत येत नाही, फक्त पीळ वाढतो. तो पळतोय तर पळू द्या, थांबला की गुंडाळा.

तीन. मासा होडीखाली शिरला तर रॉडचं टोक होडीच्या नाळेकडे न्या आणि नाळेला वळसा घालून पलीकडे घ्या. त्याच वेळी पाय थांबवा. पंखांची यंत्रणा असेल तर एक पेडल पूर्ण पुढे ढकला, दोन्ही पंख तळाला चिकटतात. खाली पंखा असेल तर यंत्रणा वर उचला. हे किनाऱ्यालगत उथळ पाण्यात, मासा नसताना, दहा वेळा करून बघा. हात शिकतात ते असंच.

चार. नांगर टाकलात तर त्याची दोरी पटकन सुटेल अशी अडकवा आणि टोकाला तरंगणारा बोया बांधा. मोठा मासा लागला की नांगर सोडून द्यायचा, बोया पाण्यावर राहतो, नंतर येऊन उचलायचा. ओळखीचं वाटतंय ना? फेकून द्यायची पखाल! वस्तू बदलली, विचार तोच: जे तुम्हाला ओढू शकतं, ते तुमच्यापासून सोडवता आलं पाहिजे.

आणि पाच. लाइफ जॅकेटवर, एका हाताने पोचेल अशा जागी, सुरी. दोरी हाताला गुंडाळून कधीच ओढायची नाही. मासा गेला तर दुसरा मिळेल. रॉड गेला तर वाईट वाटेल, पण चालेल.

क्रांझने लिहून ठेवलेली ती माणसं आपल्यापेक्षा जास्त धाडसी होती, असं मला वाटत नाही. त्यांनी दोरीला तिची जागा ठरवून दिली होती, ती सुटायची वाट ठरवली होती, आणि दोन्ही चुकलं तर काय करायचं याचा सराव केला होता. आपले हात आता मोकळे झाले आहेत, एवढाच फरक. त्या मोकळ्या हातांनी पहिलं काम दोरीकडे बघण्याचं करा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावाकडे गुंत्यावर काय उपाय करतात, आजोबा तंगूस कशावर गुंडाळायचे, हे नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर ढील देऊ नका!