बौद्ध विद्यार्थी : व्यावसायिक प्रवेश आणि शिष्यवृत्ती

बौद्ध समाज राष्ट्रीय अल्पसंख्याक आहे. शिवाय १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून धर्मांतरित झालेल्या बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलतीही केंद्राने लागू केल्या. महाराष्ट्रात फीचा मोठा भार याच सवलतींमुळे हलका होतो.

जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच करा. वैधता प्रमाणपत्राअभावी राखीव जागा हातची जाते. अभियांत्रिकी, फार्मसीचा प्रवेश कॅप फेरीतूनच घ्या; व्यवस्थापन कोट्यातील जागेला शिष्यवृत्ती मिळत नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास महाडीबीटीवर भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज भरा, त्याहून जास्त असल्यास फ्रीशिपचा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे.

वस्तीतल्या अकरावीच्या मुलामुलींची कागदपत्रे आजच तपासा.