गाडगेबाबांचा खराटा

गाडगेबाबांचा खराटा हे महाराष्ट्रातील, विशेषतः वऱ्हाडातील, स्वच्छता, श्रमप्रतिष्ठा आणि लोकसेवा यांचे सर्वपरिचित सांस्कृतिक प्रतीक आहे. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांच्या नित्य वापरातील या साध्या साधनाला त्यांच्या कार्यामुळे हा अर्थ प्राप्त झाला.

पार्श्वभूमी

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. बालपण अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या आजोळच्या गावी गुरे राखण्यात व शेतीकामात गेले. १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि अन्नपाण्यासाठी मातीचे गाडगे अशा वेषात ते गावोगाव फिरत. या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना ‘गाडगेबाबा’ हे नाव दिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळील वलगाव येथे त्यांचे निधन झाले.

वस्तूचा मूळ अर्थ

मराठी घरांत शिंदीच्या पानांची केरसुणी लक्ष्मी मानली जाते व दिवाळीत तिची पूजा होते. कडक काड्यांच्या खराट्याला मात्र असा मान नव्हता. अंगण, गोठा, रस्ता व उकिरडा झाडण्याचे ते साधन. सार्वजनिक घाण काढण्याचे काम जातिव्यवस्थेने ठरावीक समाजांवर लादलेले असल्याने खराटा हाती घेणे हलकेपणाचे समजले जाई.

प्रतीक होण्याची प्रक्रिया

गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री त्याच गावात वऱ्हाडी बोलीत, श्रोत्यांना प्रश्न विचारीत कीर्तन करीत. कर्ज, दारू, पशुहत्या, अस्पृश्यता व निरक्षरता हे त्यांचे विषय असत. झाडणारा हात आणि बोलणारा माणूस एकच असल्याने खराटा त्यांच्या उपदेशाचा पुरावा ठरला. पूज्य मानलेल्या पुरुषाने हे काम स्वेच्छेने केल्यामुळे त्या कामाला चिकटलेल्या कमीपणालाही धक्का बसला.

एखादे विख्यात चित्र वा शिल्प प्रतीक होते, तेव्हा त्याच्या एकमेव मूळ प्रतीला महत्त्व असते. खराटा झिजतो आणि नवा घ्यावा लागतो. त्याचे प्रतीकत्व एका जतन केलेल्या वस्तूत नसून पुनःपुन्हा होणाऱ्या कृतीत आहे. महात्मा गांधींच्या चरख्याचेही असेच झाले. १९३१ मध्ये काँग्रेसने स्वीकारलेल्या तिरंगी ध्वजावर तो होता. वऱ्हाडातच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी याच प्रकारात मोडते.

प्रसार

राजदत्त दिग्दर्शित ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी गाडगेबाबांची भूमिका केली. महाराष्ट्र शासनाने २०००–०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राबविले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठालाही पुढे त्यांचे नाव देण्यात आले. पुतळे, छायाचित्रे व पाठ्यपुस्तके यांतून गाडगे आणि खराटा ही जोडी रूढ झाली. शाळांतील जयंतीच्या कार्यक्रमात या दोन वस्तू हाती दिल्या की बालकलाकार लगेच ओळखू येतो.

प्रतीक आणि कार्य

गाडगेबाबांनी कोणालाही शिष्य केले नाही आणि ते कोणाला पायाही पडू देत नसत. मिळालेल्या देणग्यांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इत्यादी ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र ते निःसंग राहिले. त्यामुळे त्यांच्या खराट्याची केवळ पूजा होणे हे त्यांच्या शिकवणीशी विसंगत ठरते. जयंतीच्या दिवशी झाडलेल्या रस्त्यावर खराटा हाती घेऊन छायाचित्र काढले जाते, तेव्हा चिन्ह उरते आणि काम सुटते. वर्षभर रस्ते व गटारे साफ करणाऱ्या कामगारांना मिळणारी सुरक्षितता, वेतन व सामाजिक मान ही या प्रतीकाची खरी कसोटी होय.

हेही पाहा: गाडगे महाराज, तुकडोजी महाराज, वऱ्हाडी बोली, ऋणमोचन