हंटरवाली आणि तिची बेटी

घरातली एखादी मुलगी जरा आवाज चढवून बोलली की आमच्याकडच्या जुन्या बायका म्हणायच्या, "लो, आ गई हंटरवाली!" शाळेतही कडक शिक्षिकेच्या पाठीमागे मुलं हेच नाव घेतात. मलाही ते मिळालेलं आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. शब्दाची घडण पाहा. 'हंटर' हा मूळचा इंग्रजी शब्द. शिकारीच्या घोडेस्वाराच्या हातातला चाबूक म्हणून तो आपल्याकडे उर्दू, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषांत रुळला. त्याला आपलं 'वाली' जोडलं की एक बाई तयार होते. ही बाई पडद्यावर पहिल्यांदा आली १९३५ साली, मुंबईत.

आमच्या लोणी काळभोरची मुलं हडपसरच्या मॉलमध्ये जाऊन अमेरिकी महानायकांच्या चित्रपटांचे दुसरे-तिसरे भाग पाहून येतात. सोमवारी वर्गात त्याच गप्पा असतात. महानायक म्हणजे तिकडून आलेली गोष्ट, यात त्यांना शंका नसते. म्हणून एकदा फळ्यावर सनावळी लिहिली. सुपरमॅन कॉमिकमध्ये आला जून १९३८ मध्ये, वंडर वुमन १९४१ मध्ये. आणि तोंडावर मुखवटा चढवून, घोड्यावर बसून, गरिबांसाठी जुलमी प्रधानाशी लढणारी राजकन्या माधुरी ऊर्फ हंटरवाली १९३५ मध्ये. वर्ग दोन मिनिटं गप्प होता. माझ्या वर्गात हे क्वचित घडतं.

अर्थात, ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. वाडिया मूव्हीटोनचे जमशेद म्हणजे जेबीएच वाडिया हे हॉलिवूडच्या डग्लस फेअरबँक्सचे भक्त. फेअरबँक्सचा १९२० चा झोरो त्यांनी मूकपटाच्या काळातच 'दिलेर डाकू' करून आपल्याकडे आणला होता. जहाजं बांधणाऱ्या लवजी वाडियांच्या घराण्यातला हा शिकलेला पारशी माणूस आणि त्याचा धाकटा भाऊ होमी, दोघांनी १९३३ मध्ये परळच्या घराण्याच्या वाड्यात, लवजी कॅसलमध्ये, कंपनी काढली. झोरोच्या जागी बाई उभी करायची हे मात्र त्यांचं धाडस. त्यासाठी सापडली मेरी इव्हान्स. १९०८ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला जन्म, वडील स्कॉटिश सैनिक, आई ग्रीक. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. ही मुंबईत वाढली, पेशावरकडे घोडेस्वारी शिकली, दुकानात विक्रेती झाली, सर्कशीत आणि नाचाच्या फडात फिरली. नादिया हे नाव तिनं आधीच घेतलेलं होतं. जेबीएचना ते बदलून 'नंदादेवी' करायचं होतं आणि डोक्यावर काळ्या वेण्यांचा टोप चढवायचा होता. तिनं दोन्हीला साफ नकार दिला.

तिला आधी छोट्या भूमिकांत चाचपून पाहिलं गेलं. 'देश दीपक' मध्ये ती गुलाम मुलगी झाली, आणि तेवढा तुकडा हातानं रंगवून घेतला होता, प्रेक्षकांना तिचे सोनेरी केस आणि निळे डोळे दिसावेत म्हणून. काळ्यापांढऱ्या चित्रपटात अचानक उमटलेले ते रंग पाहून थिएटरात काय झालं असेल, याची मी नेहमी कल्पना करते. मग 'नूर-ए-यमन' आला. हा वाडियांच्याच १९३३ च्या 'लाल-ए-यमन' चा पुढचा भाग. त्यामुळे 'हंटरवाली की बेटी' हा हिंदी सिनेमातला पहिला सिक्वेल, असं जे सर्रास लिहिलं जातं, ते जरा जपून घ्यावं. वाडियांनी स्वतःच त्याआधी ते केलं होतं, तेही दास्तानांच्या घरच्या जबानीत आणि अरबी कथेच्या पोशाखात. 'लाल-ए-यमन' मध्ये गाणारा पोरसवदा नायक फिरोज दस्तूर पुढे किराणा घराण्याचा नामवंत गवई झाला, ही जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट.

'हंटरवाली' वर सुमारे ८० हजार रुपये खर्च झाले. त्या काळात ही मोठी रक्कम होती. पण वितरक हात लावेनात. गोरी बाई, आखूड तंग चड्डी, हातात चाबूक, आणि सबंध चित्रपटभर पुरुषांना उचलून फेकते आहे. हे कोण पाहणार? शेवटी वाडियांनी भागीदारांच्या मदतीनं स्वतःच चित्रपट लावला, ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात. तो पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. नादियाच्या नावाचे चाबूक, कमरपट्टे, काड्यापेट्या बाजारात आल्या, कुणी परवानगी न विचारता. आज कंपन्या जे कोट्यवधी खर्चून करतात, ते तेव्हा प्रेक्षकांनी आणि फेरीवाल्यांनी आपणहून केलं.

हे प्रेक्षक कोण होते, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. सिनेमाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना बराच काळ बाजूला ठेवलं. स्टंटपट म्हणजे खालच्या दर्जाचा माल, पुढच्या बाकांवर बसून शिट्ट्या मारणाऱ्यांसाठी, असा शिक्का होता. गिरणगावातले कामगार, ग्रँट रोडच्या आसपासच्या मोहल्ल्यांतले कारागीर, गोदीतले हमाल, टांगेवाले, सुट्टीच्या दिवशी आलेली पोरं. यांतल्या कुणी परीक्षण लिहिलं नाही. परीक्षण लिहिणारे या चित्रपटांकडे नाक मुरडून पाहत. लिहून ठेवलेली आठवण मिळते ती एखाद्या गिरीश कार्नाडांची. नादिया घोडा फेकत येताना जी लांबलचक आरोळी ठोकायची, ती त्यांच्या लहानपणातला सर्वांत न विसरता येणारा आवाज होती, असं त्यांनी नोंदवलं आहे. कार्नाड नाटककार झाले म्हणून ती आरोळी कागदावर उतरली. बाकीच्यांची हवेत विरली.

माझ्या विषयाच्या अंगानं आणखी एक गोष्ट मला थक्क करते. ग्रँट रोड हा पारशी नाटकांचा इलाखा. तिथला प्रेक्षक उर्दू संवादांवर पोसलेला. शेन-काफ दुरुस्त नसलेल्या नटाला तो सोडत नसे. नादियाची हिंदुस्थानी तर मोडकीतोडकी होती. तरीही त्याच प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. काही अभ्यासक म्हणतात, गोऱ्या कातडीचं आकर्षण होतं. असेलही थोडं. पण नुसत्या गोऱ्या कातडीसाठी माणूस पंचवीस आठवडे तिकीट काढत नाही. राज्य गोऱ्यांचं होतं, आणि पडद्यावर एक गोरी बाई परकी सत्ता उरावर बसवणाऱ्यासारख्या दिसणाऱ्या प्रधानाला बडवत होती. सेन्सॉरला त्यात काल्पनिक राजवाडा दिसला. बाकांवरच्या माणसाला जे दिसायचं ते दिसलं. ती कुठून आली, कोणत्या घरात कोणती प्रार्थना म्हणते, उच्चार कसे करते, यापेक्षा ती कुणाच्या बाजूनं हंटर उचलते, यावर त्यांनी ठरवलं की ही आपली. त्यांना कुणी शिकवायला गेलं नव्हतं.

जेबीएचनी या विश्वासाचा उपयोगही केला. ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे. मारामाऱ्यांच्या मधे ते जातिभेदावर, हिंदू-मुस्लीम एकोप्यावर बोलून घ्यायचे. १९४० च्या 'डायमंड क्वीन' मध्ये तर साक्षरता आणि बाईचं स्वातंत्र्य यांवर नादिया सरळ भाषणच देते. आमच्या शिक्षण खात्याच्या परिपत्रकांपेक्षा ते जास्त लोकांपर्यंत पोहोचलं असावं.

पण हळूहळू जेबीएचना प्रतिष्ठेची ओढ लागली. १९४१ मध्ये त्यांनी साधना बोस यांना घेऊन 'राजनर्तकी' काढला, इंग्रजीतसुद्धा. नृत्य, कला, उच्चभ्रू प्रेक्षक. पैसे बुडाले. स्टंट आणि नादिया यांचे दिवस भरले, असं वातावरण कंपनीत होतं. होमींना ते पटलं नाही. १९४२ मध्ये भाऊ वेगळे झाले, होमींनी 'बसंत पिक्चर्स' काढलं. त्याच वर्षी पुण्याच्या प्रभातमधून बाहेर पडलेल्या व्ही. शांताराम यांनी परळच्या वाडियांच्या जागेत 'राजकमल कलामंदिर' उभं केलं. मराठी माणूस राजकमलचं नाव आदरानं घेतो. त्याच आवारात आधी हंटर कडाडत होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

महायुद्धामुळे कच्ची फिल्म मोजूनमापून मिळत होती. कंपनी नवी, नायिका पस्तिशीची. अशा वेळी होमींनी १९४३ मध्ये आठ वर्षांपूर्वीचं नाव पुन्हा बाहेर काढलं, 'हंटरवाली की बेटी'. दिग्दर्शन बटुक भट्ट यांचं, सोबत जॉन कावस. वर्ष 'किस्मत' चं. सगळी चर्चा अशोक कुमार यांची. पण बेटीसाठीही थिएटरं भरली, आणि बसंतचा जम बसला. आठ वर्षांत देशात काय काय उलथापालथ झाली होती. चले जाव झालं होतं, महागाई वाढत होती, बंगालमध्ये माणसं उपाशी मरत होती. जुन्या प्रेक्षकांतल्या पोरांना आता स्वतःची पोरं झाली असतील. ते 'हंटरवाली' ला विसरले नव्हते. ज्यांनी तिचे दिवस संपले म्हणून सांगितलं होतं, त्यांचा आणि या लोकांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता.

बसंतच्या त्या पायावर पुढे बरंच उभं राहिलं. १९५६ चा होमींचा रंगीत 'हातिमताई' आमच्या घराघरांत माहीत आहे. किस्सा तर आधीपासून घरचाच होता. नादिया १९६८ च्या 'खिलाडी' पर्यंत काम करत राहिली, तेव्हा ती साठीची होती. ९ जानेवारी १९९६ ला, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, ती मुंबईत वारली. त्याआधी १९९३ मध्ये घराण्यातल्याच रियाद वाडिया यांनी तिच्यावर माहितीपट केला, आणि मग परदेशी महोत्सवांतल्या जाणकारांना तिचा शोध लागला.

होमी आणि नादिया यांचं प्रेम तिच्या कारकिर्दीइतकंच जुनं. जेबीएचचा त्याला पाठिंबा होता. आईचा नव्हता. पारशी घरात पारशी नसलेली सून तिला नको होती. दोघं थांबले. लग्न झालं १९६१ मध्ये, आई गेल्यानंतर. ग्रँट रोडच्या बाकांवरच्या माणसांनी तिला आपलं म्हटलं, त्याला तोवर २६ वर्षं झाली होती.